बेसमेंटच्या भिंतीतल्या भेगेतून पाणी येतंय. आतून केलेली दुरुस्ती टिकते का? (ठाणे)

घोडबंदरकर

नमस्कार मंडळी,

आमची सोसायटी घोडबंदर रोडला, येऊरच्या डोंगराच्या अंगाला. ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळून बारा वर्षं झाली. खाली एक मजली बेसमेंट आहे. तिथे पार्किंग, पंप रूम आणि जमिनीखालची पाण्याची टाकी. डोंगराकडच्या रिटेनिंग वॉलला (माती धरून ठेवणाऱ्या भिंतीला) एक उभी भेग आहे, फरशीपासून वर निघून स्लॅबच्या दीडेक फूट खाली थांबते. जून कोरडा जातो. जुलैत दोन-तीन दिवस सलग झोडपलं की भेगेतून पाणी सुरू होतं, आणि पाऊस उघडला तरी पुढे कित्येक दिवस झिरपत राहतं. दिवाळीपर्यंत आटतं. उन्हाळ्यात तिथे नुसता पांढरा क्षार उरतो, नखाने खरवडला तर भुसभुशीत निघतो.

मागच्या कमिटीने एका कंत्राटदाराकडून आतून केमिकल कोटिंग मारून घेतलं होतं. पुढच्याच पावसाळ्यात त्याला फुगे आले आणि पोपडे सुटले. आता तीन कोटेशनं आली आहेत. एक म्हणतो इपॉक्सी भरा, दुसरा म्हणतो पीयू ग्राउटिंग करा (म्हणजे पॉलियुरेथेन दाबाने भेगेत भरा), तिसरा म्हणतो बाहेरून खणल्याशिवाय काही होणार नाही. पण बाहेर फायर ब्रिगेडच्या गाडीचा रस्ता आहे आणि त्याखाली गॅसची लाइन व केबल. खणायला परवानगी मिळाली तरी वीसेक गाड्यांचा आणि दोनशे माणसांचा रस्ता बंद होईल.

सर्वसाधारण सभा जवळ आली आहे. सभासदांपुढे नीट माहिती ठेवायची आहे, म्हणून विचारतो: आतून केलेलं काम टिकतं का? आणि या तिघांत कुणाचं ऐकावं?

खाडीकाठ

नेरुळला आमच्याकडे हेच झालं होतं, फक्त पाणी डोंगराचं नव्हे, खाडीचं. आमच्या बेसमेंटची गळती अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला वाढायची, तीही भरती होऊन गेल्यावर काही तासांनी. वॉचमनने एका वहीत भरतीची वेळ आणि संपमधला (पाणी साचायच्या खड्ड्यातला) पंप कधी सुरू झाला ते लिहून ठेवलं होतं, त्यावरून लक्षात आलं. तुम्हीही आजपासून वही घाला. पाऊस कधी पडला, पाणी कधी सुरू झालं, कधी थांबलं. कोणीही इंजिनिअर आला की पहिलं तेच विचारेल.

आतून केलेलं पीयूचं काम आमच्याकडे टिकलंय. पण एक गोष्ट सभेला आधीच सांगून ठेवा. ती भेग बंद झाल्यावर पुढच्या पावसात पाणी थोड्या अंतरावर, भिंत आणि फरशीच्या सांध्यातून यायला लागलं. काम वाया गेलं म्हणून सभासदांनी कमिटीला फार बोलून घेतलं. काम वाया गेलं नव्हतं, पाण्याने दुसरी कमजोर जागा शोधली होती. तो सांधाही भरल्यावर थांबलं.

कातळ

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, ठाण्यातच काम करतो. सविस्तर लिहितो.

आधी पाणी येतं कुठून ते समजून घ्या. घोडबंदरच्या त्या पट्ट्यात वर मुरूम आणि खाली काळा बेसॉल्टचा कातळ. बेसमेंटसाठी हा कातळ फोडून खड्डा करतात, आत भिंत उभी राहते आणि भिंत व कातळ यांच्या मधल्या फटीत मुरूम, डबर, कधी कधी साइटवरचा राडारोडा भरतात. डोंगरावरून मुरमातून उतरणारं पाणी या भरावात साचतं आणि कातळातून खाली जायला त्याला वाट नसते. म्हणजे तुमची इमारत पावसाळ्यात एका दगडी हौदात उभी असते. पाऊस थांबल्यावरही गळती चालू राहते ती यामुळे. भिंतीबाहेर तीन मीटर पाणी साचलं तर तळाशी चौरस मीटरला तीन टन दाब येतो. आतून मारलेल्या कोटिंगला हा दाब मागून ढकलतो, म्हणून फुगे येतात. सगळी कोटिंगं वाईट नसतात, पण वाहत्या भेगेवर नुसतं कोटिंग मारणं म्हणजे पैसे घालवणं. आधी भेग आतपर्यंत भरली पाहिजे.

आता भेगेबद्दल. लांब काँक्रीट भिंत आकसायला बघते आणि खालचा राफ्ट (पायाची जाड काँक्रीट लादी) तिला धरून ठेवतो, त्यातून अशा उभ्या भेगा पडतात. बहुतेक वेळा त्या सुरुवातीच्या एक-दोन वर्षांतच पडून स्थिरावतात. तुमच्या वर्णनावरून तशीच वाटते. पण भेग भिंतीच्या मध्यावर आडवी असेल, भिंतीला आत पोट आलेलं असेल किंवा कोपऱ्यातून तिरकी वर जात असेल, तर तो मातीचा दाब किंवा पाया खचण्याचा विषय आहे. तिथे ग्राउटिंगवाल्याला बोलवायच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतो.

भेग जिवंत आहे का तेही बघा. पूर्वीपासून चालत आलेली साधी पद्धत: भेगेवर आडवी पातळ काचेची पट्टी दोन्ही टोकांना इपॉक्सी पुट्टीने चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. भिंत हलली तर काच तडकते. भेगेच्या वरच्या टोकालाही पेन्सिलने रेघ मारून तारीख घाला, ती रेघ ओलांडून भेग वर गेली तर कळेल. रुंदी मोजायला पारदर्शक क्रॅक गेज मिळतं, ते भेगेवर ठेवून जुळणारी रेघ वाचायची. आयएस ४५६:२००० या काँक्रीटच्या भारतीय मानकात सर्वसाधारण भेगेची मर्यादा ०.३ मिमी आहे. माती किंवा भूजलाला लागून असलेल्या भागाला ०.२ मिमी आणि खाडीसारख्या तीव्र वातावरणात ०.१ मिमी.

शेवटचं, पांढऱ्या क्षारात कुठे तांबूस-तपकिरी ओघळ आहेत का ते बघा. पांढरा क्षार म्हणजे काँक्रीटमधला चुना धुऊन येतोय. तपकिरी ओघळ म्हणजे सळई गंजायला लागली आहे. तसं असेल तर कामाचा क्रम बदलतो.

सई_ठाणे

@घोडबंदरकर दादा, तुमची पाण्याची टाकी त्या भिंतीपासून किती लांब आहे? आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीत सगळे जमिनीतलं पाणी समजत होते आणि प्रत्यक्षात टाकीची इनलेट पाइप गळत होती. ओटी टेस्ट करा. ग्रामपंचायतीत नळाचं पाणी तपासायला वापरतात ते ऑर्थोटोलिडिनचं द्रावण. भेगेतलं पाणी थेट परीक्षानळीत धरायचं आणि दोन थेंब टाकायचे. पिवळं झालं तर क्लोरीन आहे, म्हणजे पालिकेचं पाणी.

कातळ

@सई_ठाणे ताई, उत्तम सूचना. फक्त एक भर घालतो. पिवळं झालं तर जवळजवळ पक्कं समजा. नाही झालं म्हणून टाकी सुटली असं धरू नका, कारण मातीतून येता येता क्लोरीन संपून जातो. त्यासाठी रात्री टाकीचे इनलेट आणि आउटलेट दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून पातळीवर खूण करा आणि सकाळी बघा. शिवाय टाकी किंवा पाइप गळत असेल तर गळती बारा महिने राहते. उन्हाळ्यात भेग पूर्ण कोरडी पडत असेल तर संशय पावसाच्या पाण्यावरच.

अण्णा_नौपाडा

माझं मत थोडं वेगळं आहे. पाण्याला अडवू नये, वाट द्यावी. भिंतीच्या कडेने चर काढा, संपमध्ये सोडा, दोन सबमर्सिबल पंप ठेवा, एक चालू आणि एक राखीव. भेग भरायला लाखभर घालवायचे आणि पाणी दुसरीकडून यायचं, हे खाडीकाठ यांनी लिहिलंच आहे. आमच्या इमारतीत चर आहे आणि गाड्या कोरड्या राहतात.

खाडीकाठ

अण्णा, चर आमच्याकडेही आहे आणि हवाच. पण पाऊस वाढला की वीज जाते, नेमकं त्या वेळी पंप बंद. जनरेटरवर संपचा पंप जोडलेला आहे का, हे प्रत्येक सोसायटीने तपासावं.

कातळ

अण्णा, चराला माझा विरोध नाही. पण चर गाड्या वाचवतो, भिंत वाचवत नाही. भेगेतून वर्षानुवर्षं पाणी वाहत राहिलं तर दर पावसाळ्यात चुना धुतला जातो, काँक्रीटचा सळईला असलेला क्षारधर्मी आधार त्या जागी कमी होतो आणि पाणी व हवा आलटून पालटून मिळाल्याने गंज धरतो. उन्हाळ्यात कोरडी आणि पावसाळ्यात ओली होणारी भिंत यासाठी सगळ्यात वाईट. नेरुळ, वाशी, बेलापूरसारख्या खाडीजवळच्या भागात पाण्यात मीठही असतं, तिथे तर हे फार वेगाने होतं. गंजलेली सळई फुगते आणि वरचं काँक्रीट सोडवते, मग पीयूच्या कितीतरी पट खर्च येतो. त्यामुळे भेग भरा, आणि चर दुसरी तटबंदी म्हणून ठेवा.

राफ्टला भोकं पाडून पाण्याला वाट करून देण्याचा सल्ला कोणी दिला तर मात्र थांबा. सतत उपशाबरोबर पायाखालची बारीक माती निघून येऊ शकते. डिझाइन बघितल्याशिवाय तो उद्योग करू नये.

घोडबंदरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितलेलं करून पाहिलं.

टाकी समोरच्या बाजूला आहे आणि रात्रभरात पातळी उतरली नाही. ओटी टेस्टमध्ये नळाचं पाणी लगेच पिवळं झालं, भेगेतलं नाही. भेग मध्यावर साधारण ०.३ आणि खाली ०.४ मिमी. काचेची पट्टी लावली आहे, अजून शाबूत आहे. तपकिरी ओघळ कुठे नाहीत.

वहीमुळे एक गोष्ट सापडली. गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याचा एक पाइप बरोबर त्या भिंतीच्या वर, रस्त्यालगतच्या चेंबरमध्ये उतरतो. चेंबरचं झाकण काढलं तर तळ फुटलेला. गच्चीचं सगळं पाणी गटारात न जाता तिथेच मातीत मुरत होतं. चेंबर नवीन बांधून घेतला आणि पाइप पुढच्या चेंबरला जोडला. त्यानंतरच्या जोराच्या पावसात भेगेचं पाणी निम्म्यावर आलं. बंद झालं नाही.

आता प्रश्न इपॉक्सी की पीयू.

पॅकरवाला

मी हेच काम करतो, ठाणे-नवी मुंबईत. तुमचं काम मला मिळावं म्हणून लिहीत नाही, संपर्क विचारू नये.

इपॉक्सी काँक्रीटला परत जोडतं, जोड काँक्रीटपेक्षा मजबूत होतो. पण त्याला भेग कोरडी आणि स्वच्छ लागते, आणि ते कडक असतं. भेग किंचितही हलली तर शेजारी नवी भेग पडते. वाहत्या पाण्यात इपॉक्सी भरणारा माणूस तुमचं नुकसान करतोय. तुमची भेग ताकदीची नाही, पाण्याची आहे, आणि तिच्यात बारा वर्षांचा क्षार बसलेला आहे. तिथे पीयू.

पीयूमध्येही दोन जाती आहेत. एक पाणी शोषून फुगणारी, हायड्रोफिलिक. ती कायम ओल्या जागी चांगली. आपल्याकडे भिंत मे महिन्यात खडखडीत वाळते, तेव्हा ती जेल आकसते आणि पुढच्या जुलैत पाणी परत येतं. म्हणून हायड्रोफोबिक घ्या. ती पाण्याशी प्रतिक्रिया होऊन फुगते, पण झाल्यावर पाणी धरून ठेवत नाही. कोटेशनमध्ये नुसतं ‘पीयू ग्राउटिंग’ लिहिलेलं असतं, त्यात ‘हायड्रोफोबिक’ हा शब्द लिहून घ्या.

काम कसं होतं ते लिहितो, म्हणजे समोर उभं राहून बघता येईल. आधी जुनं कोटिंग आणि क्षार छिन्नी-ब्रशने साफ. भेग दिसली पाहिजे. मग भोकं. भोक भेगेवर पाडायचं नाही, भेगेच्या बाजूला पाडायचं, ४५ अंशात तिरकं, म्हणजे ते भिंतीच्या जाडीच्या मध्यावर भेगेला छेदतं. तुमची भिंत ३०० मिमी असेल तर भेगेपासून १५० मिमीवर सुरुवात. एक डावीकडे, एक उजवीकडे, असं वर चढत जायचं, दोन भोकांत साधारण १५० ते २०० मिमी अंतर. सळई लागली की भोक सरकवायचं, सळई कापायची नाही. ड्रिल पार पलीकडे जाऊ द्यायचं नाही.

मग भोकात पाणी मारून धूळ काढायची. हे टाळणारे फार. धूळ राहिली तर रेझिन (भरायचं पातळ पीयू) भेगेपर्यंत पोचतच नाही. भोकात मारलेलं पाणी भेगेतून बाहेर आलं की समजायचं भोक बरोबर छेदलंय. नाही आलं तर ते भोक फुकट, दुसरं पाडा. तुम्ही फक्त एवढं बघितलं तरी अर्धं काम तपासलंत.

पॅकर (भोकात बसणाऱ्या, रेझिन भरायच्या नळ्या) बसवून घट्ट केले की भेगेचं तोंड झटपट घट्ट होणाऱ्या वॉटरप्लग सिमेंटने बंद करायचं. पंप सगळ्यात खालच्या पॅकरला लावायचा. दाब हळूहळू वाढवायचा. आधी भेगेतून पाणी ढकललं जातं, मग पांढरा फेस, मग घट्ट रेझिन. वरच्या पॅकरमधून रेझिन दिसलं की खालचा सोडून वर जायचं. पाणी जोरात असेल तर पहिला हात फोमचा. पण फोम पाणी थांबवण्यापुरता असतो, त्यात हवेच्या पोकळ्या असतात. त्याच पॅकरमधून मागोमाग न फुगणारं पीयू रेझिन गेलं पाहिजे. फोम मारून, पाणी थांबलेलं दाखवून, बिल घेऊन जाणारे पुष्कळ आहेत. वर्षा-दोन वर्षांत तिथेच गळतं.

नंतर पॅकर काढून भोकं न आकसणाऱ्या मॉर्टरने भरायची. भिंतीला ठिकठिकाणी मधमाशीच्या पोळ्यासारखं सच्छिद्र काँक्रीट असेल, आम्ही हनीकोंब म्हणतो, तर तिथे आधी सिमेंट ग्राउट लागतं. ०.३ मिमीच्या भेगेत मात्र साधं सिमेंट शिरत नाही, तिथे सिमेंट ग्राउट सुचवणाऱ्याचं ऐकू नका.

आणि सुरक्षा. ओल्या बेसमेंटमध्ये ड्रिलची वायर ३० एमएच्या (मिलीअँपियर) ईएलसीबीवरूनच, म्हणजे करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचवरूनच, घ्यायला लावा. पीयूमध्ये आयसोसायनेट असतं, ते डोळ्याला आणि श्वासाला वाईट. कामगारांना गॉगल, हातमोजे, मास्क आणि पंखा हवा. सोसायटीने त्याचा आग्रह धरला की कंत्राटदार देतो. नाही धरला तर पोरं उघड्या हातांनी काम करतात, हे मी डोळ्यांनी बघतो.

सई_ठाणे

वा, हे जपून ठेवण्यासारखं आहे. मी आमच्या सोसायटीची खजिनदार आहे, म्हणून पैशाच्या बाजूने लिहिते.

काही जण पॅकरच्या नगावर दर देतात, काही भेगेच्या लांबीवर, काही रेझिनच्या किलोवर. नगावर दर असेल तर पॅकर दाट बसवले जातात. लांबीवर असेल तर रेझिन कमी मारलं जातं. आम्ही लांबीवर दर ठरवला आणि प्रत्येक पॅकरला किती रेझिन गेलं याचा तक्ता मागितला. सीलबंद डबे आमच्यासमोर उघडायचे आणि रिकामे डबे काम संपेपर्यंत सोसायटीच्या ताब्यात. दहा टक्के रक्कम पुढचा पावसाळा गेल्यावर. आणि खाडीकाठ यांनी सांगितलेलं लक्षात ठेवून, शेजारच्या सांध्यातून पाणी आलं तर त्याच दराने भरायचं असं आधीच लिहून घ्या.

खर्च दुरुस्ती निधीतून करता येईल. आदर्श उपविधींप्रमाणे हा निधी वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के जमा करायचा असतो. पुष्कळ सोसायट्यांत तेवढा जमाच होत नाही आणि मग ऐन वेळी वेगळी वर्गणी काढावी लागते.

बेलापूरवासी

ज्यांच्या इमारती नव्या आहेत त्यांच्यासाठी. रेरा कायदा २०१६, कलम १४(३). ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला दोष बिल्डरच्या नजरेस आणला तर त्याने ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. बेसमेंटची गळती त्यात बसवता येते. तोंडी सांगू नका, फोटो आणि तारखांसह लेखी कळवा आणि पोच घ्या. सोसायटीने आधीच स्वतः काहीतरी भरून टाकलं तर मूळ दोष दाखवणं अवघड होतं, म्हणून आधी नोटीस, मग हात लावा. घोडबंदरकर यांची मुदत गेली आहे, पण इथे वाचणाऱ्या खारघर-उलव्यातल्या लोकांची गेली नसेल.

कातळ

त्याला जोडून, १५ ते ३० वर्षांच्या इमारतींना आदर्श उपविधींप्रमाणे दर ५ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, ३० वर्षांवरच्यांना दर ३ वर्षांनी. ऑडिटवाला बेसमेंटमध्ये उतरतो का ते बघा. गच्ची आणि बाल्कन्या बघून अहवाल देणारे मी पाहिलेत.

अण्णा_नौपाडा

कातळ, सळईचं तुम्ही लिहिलंत ते पटलं. आमच्या चरात पांढऱ्याबरोबर तपकिरी गाळही येतो. ते नुसती माती समजून आम्ही झाडून टाकतो. काय करावं?

कातळ

अण्णा, हे लांबणीवर टाकू नका, लगेच बघून घ्या. ओघळ कुठून सुरू होतो ती जागा शोधा आणि हातोडीने हलकं ठोकून बघा. बद्द आवाज आला तर वरचं काँक्रीट सुटलंय. तिथे इंजिनिअरकडून हाफ-सेल टेस्ट करून घ्या, सळई किती भागात गंजते आहे याचा अंदाज येतो. सुटलेलं काँक्रीट काढून सळई घासून, झिंक प्रायमर लावून, पॉलिमर मॉर्टरने परत भरावं लागेल. पण वाहतं पाणी आधी पीयूने थांबवायचं, मग हे. उलट केलं तर मॉर्टर धरणार नाही.

घोडबंदरकर

सभेपुढे पीयूचा ठराव ठेवतोय, हायड्रोफोबिक, फोमनंतर रेझिन, सई ताईंच्या अटींसकट. शेवटचे दोन प्रश्न. काम आत्ता पाणी असताना करू की मेमध्ये? आणि नंतर भिंतीला कोटिंग मारायचं का? सभासदांना रंगवलेली भिंत हवी आहे.

पॅकरवाला

पीयू पाणी असतानाच करा, किंवा पाणी ओसरत असताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात. कुठून येतं ते दिसतं आणि थांबलं की तेही दिसतं. मेमध्ये केलं तर जुलैपर्यंत कुणालाच काही कळत नाही, आणि फोमला फुगायला भेगेत पाणी मारावं लागतं ते वेगळं.

कातळ

सहमत. कोटिंगची घाई करू नका. एक पूर्ण पावसाळा भिंत उघडी ठेवा, म्हणजे नवी ओल कुठे उमटते ते दिसेल आणि सई ताईंची दहा टक्के रक्कमही तोवर तुमच्याकडे राहील. ओल दिसली की पेन्सिलने कडेने रेघ मारून तारीख घाला आणि पॅकरवाल्यांना तिथेच बोलवा. त्यानंतर मारायचंच तर सिमेंटच्या जातीचं क्रिस्टलाइन कोटिंग मारा. ते काँक्रीटमधल्या चुन्याशी प्रतिक्रिया होऊन आतल्या रंध्रांत स्फटिक तयार करतं, त्यामुळे मागून येणाऱ्या दाबाला वरच्या पापुद्र्यासारखं सुटत नाही. भिंत ओली करून मारायचं आणि दोन-तीन दिवस पाण्याची फवारणी करायची. ऑइल पेंट किंवा प्लास्टिक पेंट त्या भिंतीवर नको, मागची ओल अडकून परत पोपडे येतील. पांढरी भिंत हवी असेल तर चुना मारा. आणि चेंबर दर मे महिन्यात उघडून बघायचं काम कुणाच्या तरी नावावर लिहून ठेवा.